अव्वांचा डावा कोपरा

१९९४ साली लग्न होऊन मी शहापूरच्या घरात आले, तेव्हा संध्याकाळी लाइट जाणे रोजचेच होते. मेणबत्ती शोधेपर्यंत मी स्वयंपाकघरात चाचपडत उभी राहायची. सासूबाईंची फोडणी मात्र थांबत नसे. अंधारात हात फडताळाकडे जायचा आणि मोहरीचा डबा बरोबर हातात यायचा. त्याच्या शेजारी जिरे, मागे हळद. एकदा मी हौसेने फडताळ आवरून डबे उंचीप्रमाणे लावले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे डबे जुन्या जागी होते.

त्यातून मी काही शिकले असते, तर पुढची वीस वर्षांनंतरची चूक टळली असती.

सासूबाईंना घरात सगळेच ‘अव्वा’ म्हणतात. माहेर गोकाकचे, शिक्षण कन्नड सातवीपर्यंत. सासरे खानापूरकडचे, म्हणून घरात मराठी. मराठी त्या इथे येऊन शिकल्या, देवनागरी वाचायलाही इथेच शिकल्या. माझ्याशी मराठी, बहिणीशी फोनवर कन्नड आणि देवाशी दोन्ही, असा त्यांचा रिवाज. आपल्याकडच्या निम्म्या घरांत हेच असते, त्यामुळे जास्त सांगायला नको.

माझा व्यवसाय डीटीपीचा. १९९७ पासून लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, दुकानांची बिलबुके. पत्रिकेची एक बाजू मराठी, दुसरी कन्नड. श्रीलिपी एकीकडे आणि नुडी दुसरीकडे. दुकानात नवा संगणक आला की जुना घरी, असे करत २००६ साली एक संगणक घरच्या माजघरात येऊन बसला. त्यात विंडोज एक्सपी होती. अव्वा तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. पुतण्याने त्यांना पत्त्यांचा डाव दाखवला. माऊस धरून पत्ता ओढायचा, सोडायचा. आठवडाभरात हात बसला. मग मन्सूरांची आणि गंगूबाईंची गाणी. आणि मग एक दिवस त्यांनी मला विचारले, “तुझ्या दुकानात कन्नड उठतं तसं हितं उठंल काय?”

मी नुडी घालून दिली. कन्नड गणक परिषदेचे ते सॉफ्टवेअर फुकट मिळत असे. अव्वांना लिहायची होती जात्यावरची पदे. त्यांच्या आईला ती शंभरावर येत होती म्हणे. आपली ओवी साडेतीन चरणांची, कन्नड त्रिपदी तीन ओळींची. पण दळण तेच आणि माहेरची आठवणही तीच. दुपारी जेवणे झाली की अव्वा खुर्चीत बसायच्या, एका बोटाने एकेक अक्षर शोधायच्या. एखादी ओळ अडली की गोकाकला थोरल्या बहिणीला फोन. फोनवर दोघी म्हाताऱ्या गायच्या, हसायच्या, भांडायच्या. “तसं नाही ग, अव्वा तसं म्हणत नव्हती,” हे वाक्य कन्नडात मी किती वेळा ऐकले असेल!

त्या एक्सपीवर अव्वा कशा काम करत, हे मी कधी नीट बघितलेच नाही. पुतण्याने मेनूच्या डाव्या बाजूला वरच्या तीन जागी पत्ते, गाणी आणि नुडी अशी तीन चित्रे पक्की बसवून दिली होती. खाली डाव्या कोपऱ्यात माऊस न्यायचा, दाबायचे, वरून तिसरे चित्र. नावे इंग्रजीत होती, ती अव्वांनी कधी वाचली नाहीत. वाचायची गरजच नव्हती.

२०१४च्या एप्रिलमध्ये एक्सपीचा आधार कंपनीने बंद केला. दिवाळीला आम्ही घरी कोरा संगणक घेतला. धंदाच तो असल्यामुळे मांडामांड मीच केली, आणि अगदी मन लावून केली. पडद्यावरचा पसारा काढून टाकला. सगळे मेनू मराठी केले. अव्वांना इंग्रजी येत नाही, तेव्हा हे आधीच का नाही सुचले, असेही वाटले. ‘अव्वा’ नावाचा एक कप्पा केला. त्यात ‘मनोरंजन’ आणि ‘लेखन’ असे दोन कप्पे, लेखनात ‘कन्नड’, त्यात नुडी. सगळे अकारविल्हे. ऑफिसच्या कपाटासारखे लखलखीत. अव्वांना बोलावून दाखवले. “छान झालं,” म्हणाल्या.

आठवड्याभरात त्यांनी संगणकावर बसणे सोडले. विचारले तर म्हणाल्या, “डोळ्यांना त्रास होतो.” चष्म्याचा नंबर बदलून आणला. तरी बसेनात. वयच झाले, असे आम्ही धरून चाललो.

इथे थोडे थांबून मेनू ह्या गोष्टीबद्दल सांगते, कारण दुकानात बसून बसून माझा त्याच्याशी रोजचाच संबंध आला आहे.

विंडोज ९५ बाजारात आली २४ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच्या आधीच्या विंडोज ३.१मध्ये प्रोग्रॅम एका खिडकीत मांडलेले असत आणि ती खिडकी दुसऱ्या खिडकीमागे गेली की नवखा माणूस हरवून जाई. मायक्रोसॉफ्टने नवी विंडोज करताना साध्या माणसांना पडद्यापुढे बसवून बघितले, तेव्हा दिसले की सुरुवात कुठून करायची इथेच लोक अडतात. म्हणून खाली कोपऱ्यात बटण आले आणि त्यावर सरळ ‘स्टार्ट’ असे लिहिले. दुकानात पहिल्यांदा येणारे गिऱ्हाईक एका गोष्टीला हमखास हसायचे: “बंद करायला ‘सुरू’ दाबायचं होय?”

हा कोपरा उगाच निवडलेला नाही. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हाताच्या हालचालींचा अभ्यास केला होता. वस्तू जितकी जवळ आणि जितकी मोठी, तितका हात तिच्यापर्यंत लवकर पोचतो, असे त्याचे सार. पडद्याच्या कडेची गंमत अशी की बाण तिच्यापुढे जाऊच शकत नाही. माऊस जोरात सरकवा, डोळे मिटून सरकवा, तो कोपऱ्यात जाऊन थांबतोच. म्हणजे कोपऱ्यातले बटण दिसायला लहान, पण हाताला भिंतीएवढे मोठे. विंडोज ९५मध्ये मात्र बटण आणि कड ह्यांच्यात एक बारीक फट राहिली होती. अगदी कोपऱ्यात क्लिक केले तर काहीच होत नसे. पुढे ती बुजवली. ॲपलने १९८४च्या मॅकिंटॉशमध्येच मेनूची पट्टी पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवून ठेवली होती.

खरे तर हे शहाणपण छापखान्यात फार जुने आहे. मी काम शिकले ते ज्यांच्याकडे, ते मूळचे खिळे जुळवणारे. त्यांच्या गाळ्यात मागे जुन्या लाकडी केसी पडून होत्या. जास्त लागणाऱ्या अक्षरांचे खण मोठे आणि हाताजवळ, क्वचित लागणारी जोडाक्षरे लांब कडेला. नजर हस्तलिखितावर आणि हात खणाखणातून फिरतोय, असे ते काम. कोणी ती केस अकारविल्हे लावली असती, तर त्यांनी त्याला गाळ्यातून हाकललेच असते!

संगणकवाल्यांनी मात्र हे अनेकदा विसरून बघितले आहे. ऑफिस २०००मध्ये मेनू स्वतःच शहाणे झाले. जे तुम्ही वापरत नाही ते लपवायचे, वापरता ते दाखवायचे. कल्पना चांगली वाटते. पण काल चौथ्या ओळीत असलेला शब्द आज दुसरीत, आणि परवा लागणारा नेमका लपलेला. पुढच्या काळात ही पद्धत मागे पडली. एक्सपीच्या मेनूतही वरची पक्की चित्रे सोडली तर खालची यादी वापराप्रमाणे आपोआप खालीवर होत असे. अव्वांची तिन्ही चित्रे वरच्या पक्क्या भागात होती, हे पुतण्याचे उपकार. आणि २०१२च्या विंडोज ८मध्ये तर बटणच काढून टाकले, पडदाभर चौकोन मांडले. बोटाने दाबायच्या पडद्यांचे दिवस आले होते ना. जगभर आरडाओरड झाली. २०१३ साली बटण परत आले आणि २०१५च्या विंडोज १०मध्ये मेनूही परतला. लिनक्सवाल्यांकडेही त्याच सुमारास हेच. २०११ साली उबुंटूने आणि ग्नोमने आपापले जुने मेनू बदलले आणि लोक चिडून दुसरीकडे गेले. लोकांना नवे नको असते असे नाही. डबे हलवलेले नको असतात.

असो. २०१५च्या मे महिन्यात आमची मुलगी सुट्टीला घरी आली. तेव्हा ती हुबळीला इंजिनीअरिंगला होती. तिने अव्वांना आग्रह करून खुर्चीत बसवले आणि स्वतः मागे स्टूल घेऊन बसली. मला म्हणाली, “आई, एक शब्द बोलायचा नाही. हात लावायचा नाही. नुसतं बघ.” कॉलेजात शिकवतात म्हणे असे, की वापरणारा अडला तरी त्याला सांगायचे नाही.

अव्वांचा हात सरळ डाव्या कोपऱ्यात गेला. दाबले. उघडलेल्या पानावर त्यांनी वरून तिसऱ्या चित्राकडे बाण नेला. तिथे भलतेच काहीतरी होते. हात मागे आला. परत कोपरा, परत तिसरे. मग एका कप्प्यावरून दुसऱ्यावर तिरके जाताना बाण निसटला आणि सगळे मिटले. अव्वा पुटपुटल्या, “एल्लि होतु?” कुठे गेले? कन्नडात ‘होतु’ म्हणजे गेले, आणि मराठीत ‘होतं’ म्हणजे इथेच होते. त्या दिवशी दोन्ही अर्थ बरोबर होते.

आम्ही गप्पच. पाचेक मिनिटांनी त्या मागे वळल्या. चेहरा अपराधी. “मी कायतरी बिघडवलं काय ग? सगळं मराठी वाचून बघितलं. खरं माझं डोस्कंच चालंना आता.”

सहा-सात महिने ही बाई स्वतःला दोष देत होती! डोळ्यांचे निमित्त आम्हाला सांगून आपण वेड्या होत चाललो आहोत, असे मनाशी धरून बसली होती. आणि मी त्या मांडामांडीचे चार जणींपुढे कौतुक केले होते. दुकानात रोज गिऱ्हाईक म्हणते, “आम्हाला काय कळतंय ताई ह्यातलं,” तेव्हा मी हसून सोडून देते. त्या दिवसापासून ते वाक्य मला टोचते.

त्या सहा-सात महिन्यांत आणखी एक गोष्ट झाली होती. फेब्रुवारीत गोकाकची थोरली बहीण गेली. दिवाळीपर्यंत त्रेचाळीस पदे लिहून झाली होती. ज्या पदांच्या ओळी फक्त बहिणीला आठवत, ती विचारायला आता कोणी नव्हते. अव्वा ह्याबद्दल मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फडताळाच्या वेळीही बोलल्या नव्हत्या.

मग आम्ही नव्याने बसलो, ह्या वेळी अव्वांना मधे घेऊन. काय काय पाहिजे? चारच गोष्टी. नावे काय देऊ? मी ‘लेखन’ म्हटले, त्या म्हणाल्या ‘बरी’. कन्नडात बरी म्हणजे लिही. गाण्यांना ‘हाडु’, पत्त्यांना ‘पत्ते’च, आणि बंद करण्याला ‘मुच्चु’. ते सगळ्यात खाली, कारण दार शेवटी लावतात. मुलीने सुचवले की शोधायची चौकट शिकवू, पहिली दोन अक्षरे टाकली की प्रोग्रॅम येतो. २००७च्या विंडोज व्हिस्टापासून ती सोय मेनूतच आहे आणि मी स्वतः दिवसभर तीच वापरते. पण शोधायला नाव माहीत लागते, तेही बनवणाऱ्याने ठेवलेले. अव्वा म्हणाल्या, “मोहरी पाहिजे तर मी मोहरी म्हणून हाक मारत बसू काय?”

भाषेचा प्रश्न आला. माझे मराठी मेनू पाहून त्या का अडल्या, हे तेव्हा कळले. शब्द मराठी होते, पण घरातले नव्हते. तालुका कचेरीतल्या फलकांसारखे होते. कन्नड करून बघितले तर तिथेही तेच. फाइलला ‘कडत’ म्हणतात, ते त्यांना आवडले. पूर्वी व्यापारी काळ्या केलेल्या कापडाच्या घड्यांवर हिशेब लिहीत, त्या वहीला कडत म्हणत. पण एडिटला मराठीत ‘संपादन’ आणि कन्नडात ‘संपादने’. अव्वांच्या कन्नडात संपादने म्हणजे कमाई. “ह्यात कसली संपादने? दुड्डु तर कायच येत नाही!” म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

शेवटी पडद्याच्या डाव्या कडेला चार मोठी चित्रे एकाखाली एक लावली. नाव आधी कन्नडात, शेजारी मराठीत, आमच्या लग्नपत्रिकांसारखे. जुन्या क्रमाने, म्हणजे नुडी वरून तिसरी. तिच्या चित्रासाठी मुलीने परड्यात पडलेल्या जात्याचा फोटो काढून लावला. आपोआप रचना बदलायची सोय बंद केली. कोपऱ्यातले बटण दाबल्यावर उघडणाऱ्या पानावरही हीच चार, ह्याच क्रमाने, बाकी सगळे काढले. दोघींनी मिळून दुपार गेली. ह्यात हुशारीचे असे काहीच नाही, फक्त आधी विचारायला हवे होते.

लिनक्समध्ये एक गोष्ट मला फार आवडते, ती मुलीनेच दाखवली. तिथे मेनूतल्या प्रत्येक प्रोग्रॅमची एक लहानशी चिठ्ठी असते आणि त्या एकाच चिठ्ठीत त्याचे नाव वेगवेगळ्या भाषांत लिहिता येते. एक ओळ कन्नडची, एक मराठीची. ज्याने जी भाषा निवडली, त्याला ती दिसते. दोन्ही एकदम दाखवायची सोय मात्र मला कुठे सापडली नाही. बनवणाऱ्यांना बहुधा वाटत असावे, की माणसाला एका वेळी एकच भाषा असते.

अव्वा परत लिहू लागल्या, पण सावकाश. २०१७ अखेर अठ्ठावन्न पदे झाली. त्यानंतर विसरणे सुरू झाले. आधी शेजाऱ्यांची नावे, मग वार. मग मराठी गळू लागली. साठ वर्षे बोललेली भाषा, पण नंतर आलेली म्हणून की काय, आधी निघाली. आता त्या माझ्याशी कन्नडच बोलतात आणि मी मोडक्या कन्नडात उत्तर देते. चित्राखालचे मराठी नाव त्यांना कधी वाचता येईना, ते आम्हाला कळलेही नाही, कारण शेजारी कन्नड होते. पुढे तेही वाचत नाहीत, असे लक्षात आले. तरी दुपारी खुर्चीत बसवले की हात वरून दुसऱ्या चित्रावर जातो आणि मन्सूर सुरू होतात. डॉक्टर म्हणाले, हाताच्या सवयी पुष्कळदा नावांपेक्षा जास्त टिकतात. घरातल्या वस्तूंच्या जागा बदलू नका. मी मान हलवली. हे म्हणाले, “डॉक्टर, हिला हे दोनदा कळलंय.”

गेल्या वर्षी, १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चाही नेहमीचा आधार संपला आणि आमचा संगणक अकरा वर्षांचा होऊन कुरकुरत होताच. नवा आणला. विंडोज ११मध्ये, म्हणजे २०२१पासून, बटण पट्टीच्या मध्यभागी असते; डावीकडे न्यायची सोय सेटिंगमध्ये आहे. खोके उघडायच्या आधी मी जुन्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि चित्रांमधले अंतर फूटपट्टीने मोजून घेतले. पडदा नवा मोठा होता, म्हणून चित्रेही त्या मानाने मोठी केली. जात्याचा फोटो मुलीकडून बेंगळुरूहून पुन्हा मागवला. सगळे अव्वा झोपल्या असताना.

उठल्यावर त्या येऊन बसल्या. नवा पडदा आहे, हे त्यांच्या लक्षात आले की नाही, कोण जाणे. हात गेला, पत्ते उघडले. दोन डाव झाल्यावर म्हणाल्या, “चहा माडव्वा.”

टाइप करणे आता त्यांच्याच्याने होत नाही. तिसरे चित्र दाबले की नुडीऐवजी आता आवाज टिपणारा प्रोग्रॅम उघडतो. चित्र आणि जागा तीच ठेवली आहे. जात्यावर बाण गेला की त्या कधीकधी आपणहून गायला लागतात. अशी अकरा पदे मिळाली आहेत, त्यांतली चार आधी लिहिलेल्यांतली निघाली. बाकीची रात्री दुकान बंद करून आल्यावर मी ऐकून लिहून काढते. बासष्टाव्या पदाची मधली ओळ खोकल्यात गेली आहे. गोकाकला बहिणीच्या सुनेला फोन करून बघते.